धूम्रकवरची त्राटिका

लंकाबाईला राग येत नाही, असं त्या शाळेत सगळेच म्हणायचे. शिक्षक म्हणायचे, शिपाई म्हणायचे, पालकसुद्धा म्हणायचे. "आमच्या लंकामावशी म्हणजे अगदी गाय!" असं हेडसर पाहुण्यांसमोर कौतुकानं सांगायचे आणि लंकाबाई हातातला चहाचा ट्रे सांभाळत हसायची. आता नोकरीवरची बाई, समोर साहेब खुर्चीत बसलेला, ती हसणार नाही तर काय करणार? पण हसली म्हणजे राग आला नाही, हे कुणी ठरवलं? राग तिला यायचा. तो ती पदरात बांधून घरी न्यायची आणि संध्याकाळी परातीतल्या पिठावर काढायची. तिच्या भाकऱ्या कागदासारख्या पातळ व्हायच्या, त्या काही उगीच नाही.

लंकाबाई पेठ तालुक्यातली. सावळघाट चढून करंजाळीच्या पुढे गेलं, की डांबरी रस्ता सोडून आत एक पाडा लागतो, त्या पाड्यावरची सून. कोकणा समाज, भात-नागलीची शेती. पीक निघालं की अर्धा पाडा मजुरीसाठी खाली उतरायचा. तिचा नवरा दत्तू असाच एका वर्षी उतरला आणि अंबडच्या कारखान्यात चिकटला. मागोमाग लंकाबाई आली. सिडकोत एक खोली मिळाली, जवळच्या शाळेत मावशी म्हणून काम मिळालं. वर्ग झाडायचे, पिंप भरायचं, पहिलीतल्या पोरांची नाकं पुसायची. कुणाच्या पोटात दुखलं की ओवा द्यायचा आणि कुणी आईच्या आठवणीनं रडायला लागलं की मांडीवर घ्यायचं. तिची मुलगी रोशनी त्याच शाळेत सातवीला होती.

शाळेत नवीन कुणी शिक्षक आले की आधी तिच्या नावाला हसायचे. डोंगरात लंकाबाई म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही, तिथं ते साधं बायकांचं नाव. पण खालचं हे शहर पडलं रामाचं गाव. हेडमास्तर यादव सरांना तर ह्या नावाचा फारच आनंद व्हायचा. "मावशी, तुमच्या माहेरी जायला देवाला पूल बांधावा लागला होता, ठाऊक आहे ना?" दर महिना-दोन महिन्यांनी हा विनोद व्हायचा आणि स्टाफरूम दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. लंकाबाईपण हसायची. त्या दिवशी भाकरी पातळ.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या स्नेहसंमेलनाची. त्या काळात मुलांना सुपरहिरोंनी नुसतं पछाडलं होतं. रविवारी दुपारी टीव्हीसमोरून मूल उठायचं नाही, आणि उठलं की गळ्याला टॉवेल बांधून जिन्यावरून उडी. यादव सरांनी हे हेरलं आणि स्वतःच नाटक लिहून काढलं. नाटकाचा नायक वीजकुमार. त्याच्या अंगातून वीज निघायची, म्हणजे पांढऱ्या सॅटिनच्या कपड्यांवर चांदीचा कागद चिकटवायचा होता. आणि त्याच्याशी लढणार होती क्रूरांगी नावाची महाराणी, धूम्रक नावाच्या ग्रहावरची.

सरांनी हा धूम्रक ग्रह अगदी मन लावून रंगवला होता. तिथं सूर्य उगवत नाही. झाड नाही, पाणी नाही, देऊळ नाही. चोवीस तास धूर. तिथल्या लोकांना भाषा नाही, ते नुसते फुसफुसतात. सगळेच्या सगळे दुष्ट, आणि जन्मल्यापासून दुष्ट. महाराणी पृथ्वीचा सूर्य चोरायला येते, वीजकुमार तिच्या मागे धूम्रकवर जातो, तिला मारतो, आणि शेवटी एक खटका ओढून अख्खा ग्रह उडवून देतो. मग टाळ्या.

आता शांतपणे विचार करा. अख्खा ग्रह! बाई एक दुष्ट, तर तिच्यापायी सगळा मुलूख खलास? त्यात कुणी म्हातारं माणूस नसेल? कुणाच्या घरी पाळणा नसेल? प्रत्यक्ष रामरायानं रावण मारला, पण लंका बिभीषणाच्या हाती दिली. आणि पडलेल्या रावणाचं सगळं रीतसर कर, असं त्यालाच सांगितलं. हे घराघरात पोथीत वाचतात, देवळात ऐकतात, आणि मुलांना शिकवायची वेळ आली की खटका ओढून मोकळे!

लंकाबाईनं हे नाटक पहिल्यांदा ऐकलं ते चहा देता देता. सर वाचत होते, शिक्षक माना डोलवत होते. धूम्रकवर पाणी नाही, हे ऐकून तिचा हात थांबला.

"सर, पाणी नाय मंग ती माणसं पिकवित्यात काय?"

"मावशी, ती माणसं नाहीत."

"मंग काय हायेत?"

"व्हिलन आहेत!" यादव सर म्हणाले, आणि स्टाफरूम हसली.

पृथ्वीवर कुणाला घ्यायचं आणि धूम्रकवर कुणाला धाडायचं, हे ठरवायला सरांना फार वेळ लागला नाही. ज्यांच्या घरून सॅटिनचे कपडे शिवून येणार होते ती मुलं पृथ्वीवर गेली. गोरीगोमटी, चुरचुरीत बोलणारी तीही पृथ्वीवर. शाळेच्या समितीवर असलेल्या गृहस्थांचा सार्थक वीजकुमार झाला, ते तर सांगायलाच नको. उरलेल्यांना सांगितलं, "घरात जुना काळा सदरा असेल तो घाला, तोंडाला काजळी आम्ही फासू." ही उरलेली म्हणजे कोण? अंबडच्या कामगारांची, भाजी विकणाऱ्यांची, डोंगरातून आलेल्यांची. कुणाची नावं मुद्दाम वगळली, असं म्हणायला जागा नव्हती. पण तालमीला मुलं दोन बाजूंना उभी राहिली की आंधळ्यालाही दिसलं असतं, कोण कुठल्या ग्रहावर राहतं ते.

रोशनी मात्र आनंदात घरी आली. "आई, मी धूम्रकवासी झाले! मला फुसफुसायचंय." आणि तिनं खोलीभर फुसफुसून दाखवलं.

"चांगलं हाय," लंकाबाई म्हणाली आणि पीठ ओढलं.

अडलं ते मुखवट्यांपाशी. बाजारातून प्लास्टिकचे आणले, तर ते बघून बालवाडीतली पोरंसुद्धा हसली. चित्रकलेच्या तृप्ती मॅडम तशा मनानं चांगल्या, लंकाबाईशी दोन शब्द बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे बोहाड्याला मोठे लाकडी मुखवटे असतात ना हो?"

बोहाड्याचं नाव काढलं आणि लंकाबाईचा चेहराच उजळला. डोंगरातल्या पाड्यांवर चैत-वैशाखात बोहाडा होतो. संबळ-सनईच्या तालावर देवांची आणि दैत्यांची सोंगं निघतात. सोंग म्हणजे मुखवटा आणि तो चढवून नाचणारा माणूस, दोन्ही मिळून एक. एकेका घराकडे एकेक सोंग असतं, बापाकडून मुलाकडे आलेलं. कुणाकडे गणपती, कुणाकडे नरसिंह. लंकाबाईच्या सासऱ्याकडे, सावळीरामबाबाकडे, त्राटिका होती. विश्वामित्राच्या यज्ञात विघ्न आणणारी, रामाच्या बाणानं मेलेली, तीच ती राक्षसीण. पांगाऱ्याच्या लाकडाची, रुंद कपाळाची, लाल जिभेची. घरात राक्षसीण आहे याची सावळीरामला कधी लाज वाटली नाही. उलट, त्राटिका निघाल्याशिवाय रामाला काय काम, असं तो मिशीवर हात फिरवून म्हणायचा.

"हाय की आमच्या घरी," लंकाबाई म्हणाली. "पण बाबांना मागावी लागंल. विडा-नारळ घेऊन कुणी दारात आलं तर सोंगाला नाय म्हणता येत नाय."

एका रविवारी यादव सर आणि तृप्ती मॅडम जीप करून पाड्यावर गेले. लंकाबाई सोबत होती. सावळीराम ओटीवर बसला होता. त्यानं नारळ कपाळाला लावला, विडा पाटावर ठेवला आणि शांतपणे एकेक विचारायला लागला.

"लढाई कुणासंगं?"

"वीजकुमाराशी," सर म्हणाले.

"कोणाचा कोण तो?"

"आहे एक. आकाशात उडतो."

"मारुती हाय म्हना." सावळीरामनं मान हलवली. "आन सोंग पडतंय का त्यात?"

यादव सर जरा चाचरले. त्यांना वाटलं, म्हातारा आता बिथरणार. "हो बाबा. म्हणजे, शेवटी मरतं ती महाराणी. वाईट असते ना."

"मग पडू द्या की. दरसाली पडती ती. वाईट हाय म्हनून तर पडती." सावळीराम हसला, मग हसू आवरून बोट वर केलं. "पण एक ध्यानात ठेवा मास्तर. पडलेलं सोंग पडलेलं टाकून यायचं नाय. जिथं पडलं तिथंच, ज्यांनी बघितलं त्यांच्याच म्होरं ओवाळायचं. नाव घेऊन उठवायचं. आन ज्यानं मारलं त्यानं हात द्यायचा. मग घरी आणायचं. तसं नाय केलं तर ते सोंग मेलं. पुन्हा निघत नाय. पाडा मग सोंग दुसऱ्या घराला देतो."

"हो हो, नक्की! अगदी तसंच करू," यादव सर म्हणाले. नारळाचा मान त्यांनीही राखला, कपाळाला हात लावला.

सावळीराम लंकाबाईकडे वळला. "लंके, तू तिथंच हायेस. तुझ्या भरवशावर देतो बघ. आजोबापासनं आपल्या घरात हाय."

"उठवून आणते बाबा," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये यादव सर भारी खुशीत होते. "काय मावशी, शेवटी राक्षस लंकेतूनच आणावे लागले की नाही!" तृप्ती मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. लंकाबाईच्या मांडीवर सुपात तांदूळ पसरून त्यावर त्राटिका बसवलेली होती. घाटातल्या वळणांवर तिनं ते सूप दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ती हसली नाही. तिच्याही ते नंतर लक्षात आलं.

त्राटिका शाळेत ठेवायला तिनं साफ नकार दिला. देव्हाऱ्याशेजारी सूप ठेवलं, रोज सकाळी हळदकुंकू. दत्तू म्हणाला, "अगं, राक्षसीण ती!" लंकाबाई म्हणाली, "पाहुणी हाय. लोकाच्या गावात आली."

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. पुढे सोफे, त्यावर समितीची मंडळी आणि प्रमुख पाहुणे, मागे खुर्च्या, आणि सगळ्यात मागे उभे राहिलेले अंबडवाले बाप, काही जण कारखान्याच्या खाकी कपड्यांतच. लंकाबाईनं सूप नव्या फडक्यात झाकून आणलं. सोबत ताट: कुंकू, अक्षता, निरांजन. तृप्ती मॅडमना तिनं पुन्हा सांगून ठेवलं, "पडदा पाडू नका मॅडम. ती पडली की मी येते." मॅडमनी मान हलवली.

नववीतला धनराज उंच होता म्हणून त्राटिका त्याला दिली होती. चढवण्याआधी लंकाबाईनं त्याला मुखवट्याच्या पाया पडायला लावलं. पोरगं शहाणं, मुकाट्यानं पडलं. आणि मग ती महाराणी स्टेजवर आली! थर्मोकोलचे काळे डोंगर, पिंपात पेटवलेला धूप, त्या धुरातून त्राटिकेचं कपाळ पुढं आलं, तेव्हा पुढच्या सोफ्यावरचे लोकसुद्धा सावरून बसले. धूम्रकवासी दोन्ही बाजूंनी फुसफुसत आले. रोशनीनं तर असा काही फुसकारा टाकला की लंकाबाईला विंगेत हसू फुटलं.

मग चंदेरी कागद चमकवत वीजकुमार आला. मारामारी झाली. धनराज ठरल्याप्रमाणे धाडकन पडला. सार्थकनं जोशात येऊन पाय उचलला आणि तो थेट मुखवट्यावर ठेवला. हे नाटकात नव्हतं. काहीतरी काड्‌कन वाजलं. लोकांना वाटलं फटाका. लंकाबाईला वाटलं, आपल्याच कानशिलात कुणी दिली.

तिनं ताट उचललं. तेवढ्यात खटका ओढला गेला, फटाक्यांची माळ वाजली, थर्मोकोलचे डोंगर कोसळले, सार्थक ओरडला, "धूम्रक राख झाला! आता तिथे कोणी उरलं नाही!" आणि पडदा पडला. टाळ्यांवर टाळ्या. पडदा पुन्हा वर गेला तो पृथ्वीवासीयांसाठी. सॅटिनवाली मुलं हात धरून वाकली. धूम्रकवाल्या पोरांनीही पुढं धाव घेतली होती, पण विंगेतून यादव सरांनी त्यांना हातानं थोपवलं. "तुम्ही कुठे? तुम्ही राख झालात ना!" काजळी फासलेली ती पोरं विंगेत एकमेकांकडे बघत उभी राहिली. रोशनी अजून वाकायच्या तयारीतच होती.

लंकाबाई सरांपुढे गेली. "सर, ओवाळायचंय."

"आत्ता? मावशी, बक्षीस समारंभ आहे. पाहुण्यांना निघायचंय."

"दोन मिंटं लागत्यात."

"व्हिलनला ओवाळायचं? स्टेजवर? पालक काय म्हणतील?"

तृप्ती मॅडम मध्ये पडल्या. "सर, आपण त्या बाबांना कबूल केलं होतं."

"अहो मॅडम, म्हाताऱ्याच्या समाधानासाठी म्हणालो मी!"

हे वाक्य लंकाबाईनं ऐकलं. नारळ कपाळाला लावलेला तिचा सासरा तिच्या डोळ्यांपुढे आला. शब्द दिला, जीपमध्ये बसले, आणि घाट उतरायच्या आत विसरले. म्हाताऱ्याचं समाधान म्हणे!

"धनराज, सोंग कुठाय?" तिनं विचारलं.

धनराजचे डोळे भरून आले होते. "मावशी, शिपायानं सगळं सामान मागे नेलं. मी पडून होतो, त्यानं माझ्या तोंडावरून काढून घेतला."

मांडवामागे थर्मोकोलचा ढीग झाला होता, संध्याकाळी पेटवायचा म्हणून. अख्खा धूम्रक ग्रह तिथं पडला होता, काळी कापडं, मोडके डोंगर, फटाक्यांचे कागद. लंकाबाईनं दोन्ही हातांनी तो ढीग उपसला. त्राटिका तळाशी होती, तोंड मातीत, डाव्या कानाचा टवका उडालेला. तुटलेला तुकडाही तिला सापडला. तिनं पदरानं माती पुसली. रडली नाही. कुणी तरी विचारलं, "मावशी, काय शोधताय?"  तिनं सुपात तांदूळ सारखे केले, त्यावर त्राटिका ठेवली आणि सरळ विंगेत आली.

"चला रे पोरांनो," ती धूम्रकवासीयांना म्हणाली. "कोण बी राख नाय झालेलं. चला माझ्यासंगं."

स्टेजवर माइक धरून यादव सर पाहुण्यांचा परिचय करून देत होते. त्यांच्या पाठीमागून काळ्या तोंडांची पोरं आली आणि ओळीनं उभी राहिली. लोक आधी हसले, त्यांना वाटलं नाटकाचाच भाग राहिलाय. धनराजनं मुखवटा चढवला आणि जिथं पडला होता त्याच जागी जाऊन आडवा झाला. लंकाबाईनं निरांजन लावलं.

सरांनी मागे बघितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी माइकवरच सावरासावर सुरू केली. "पालकहो, एक छोटासा गैरसमज झालेला आहे. हा मुखवटा आमच्या मावशींच्या गावचा देव आहे. आमच्याकडून अनवधानानं त्याला व्हिलन केलं गेलं. त्यांच्या भावना दुखावल्या. आम्ही दिलगीर आहोत. आता मावशी, या..."

"देव नाय ती!" लंकाबाईचा आवाज माइकशिवाय मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "देव म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? त्राटिका हाय. राक्षसीण हाय. वाईट हाय म्हणूनच तुम्हाला दिली. मारा म्हणून बाबांनीच सांगितलं. पण मारल्यावर उठवायचं तुम्ही कबूल झालता, सर. आमच्या ओटीवर बसून, नारळ कपाळाला लावून. खोटी माफी कशाला मागता? ज्याची मागायची त्याची मागा की!"

सोफ्यावर कुजबुज झाली. समितीतले एक जण म्हणाले, "कोण आहे ही बाई? खाली उतरवा तिला." शिपाई पुढं सरकला.

"करू द्या की सर बाईला!" मांडवाच्या मागून कुणीतरी ओरडलं. खाकी कपड्यातले दोन-चार जण खुर्च्यांच्या रांगांतून पुढे यायला लागले. "आमची पोरं उभी हायेत तिथं. बघू द्या आम्हाला!"

शिपाई थांबला. त्याचाही पोरगा त्या काजळीत होता.

लंकाबाईनं ओवाळलं. अक्षता टाकल्या. मग वाकून म्हणाली, "त्राटिकाबाय, ऊठ. खेळ झाला. घरी चल." आणि मान वर करून सार्थकला शोधलं. तो बक्षिसाची वाट बघत पायरीवर उभा होता. "ये रे बाळा. तूच मारलंस ना? मग तूच हात दे तिला."

त्याची आई सोफ्यावरून अर्धवट उठली, "सार्थक, इकडे ये!" पण पोरच ते. त्याला यातही नाटकच दिसलं, आणि यात आणखी एक टाळी मिळणार असं वाटलं. तो आला. काय वाटलं कोण जाणे, आधी मुखवट्याच्या मोडक्या कानाकडे बघत हळूच म्हणाला, "सॉरी." मग हात दिला. त्राटिका उठली. धूम्रकवासी न सांगता फुसफुसले, आणि मागच्या टाळ्या अशा वाजल्या की पाहुण्यांनीही, दोन बोटांनी का होईना, वाजवल्या. मग लंकाबाईनं पोरांना ओळीनं पुढं आणलं आणि वाकायला लावलं. रोशनी इतकी वाकली की तिच्या वेणीची रिबीन फळीला टेकली.

दुसऱ्या दिवशी यादव सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. पाहुण्यांपुढं शाळेची शोभा झाली, शिस्त मोडली, समिती नाराज आहे. माफी मागा.

"मागते," लंकाबाई म्हणाली. "तुम्ही आधी बाबांची मागून या. करंजाळीपर्यंत एसटी जाती."

सर अवाक झाले. गाय बोलली, म्हणून. नोकरीवरून काढलं नाही, काढलं असतं तर मागं उभे राहणारे पुन्हा पुढे आले असते, हे त्यांना कळत होतं. पण तेव्हापासून पहिलीचे वर्ग तिच्याकडून काढले आणि संडासांची सफाई दिली. ज्यांची नाकं ती पुसायची ती पोरं तिला शोधत मागच्या अंगणात यायची. ते नाटक पुढे आंतरशालेय स्पर्धेतही गेलं. प्लास्टिकचे मुखवटे, तोच खटका, तोच शेवट, आणि दुसरं बक्षीस. सरांनी चषक ऑफिसातल्या कपाटात ठेवला. त्यावरची धूळ पुसायचं काम कुणाचं होतं, ते सांगायला नको. लंकाबाई पुसायची नाही. एवढं एकच काम तिनं आयुष्यात जाणूनबुजून केलं नाही.

रोशनी त्या संमेलनानंतर एकदा म्हणाली होती, "आई, धूम्रकवर कोणीच उरलं नाही असं सर अजून म्हणतात."

"उरलं नाय कसं? तू जेवतियेस ना माझ्या म्होरं?" लंकाबाई म्हणाली आणि तिच्या ताटात भाकरी टाकली. त्या दिवशी भाकरी जाड होती.

पण हे झालं घरातलं. तिच्या जिवाला लागलेला घोर वेगळाच होता, आणि तो घेऊन ती पहिल्या सुट्टीला पाड्यावर गेली. डोक्यावर सूप, पदराच्या गाठीत कानाचा तुकडा. सावळीरामनं फडकं बाजूला केलं. मुखवटा हातात घेऊन उजेडाकडे धरला. टवक्यावरून अंगठा फिरवला.  ओटीवर भावकीतले दोघे-तिघे बसले होते. त्यातला एक पुटपुटला, "फुटकं सोंग काय कामाचं आता. औंदा दुसऱ्याला द्यावं."

"उठवली का?" सावळीरामनं विचारलं.

"उठवली."

"तिथंच? सगळ्यांम्होरं?"

"त्याच जागी बाबा. ज्यानं मारली त्यानं हात दिला." मग तिनं सगळं सांगितलं, सर काय म्हणाले, ढिगात तोंड मातीत कसं होतं, मागून कोण ओरडलं, काहीही न गाळता. ऐकता ऐकता म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"कान फुटला तर जोडता येतो," तो भावकीकडे बघून म्हणाला. "लढाईतच फुटला ना? उठवून आणलीया सुनेनं. सोंग जितं हाय. कुणाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला."

मघाशी पुटपुटलेल्यानंच पुढं होऊन सोंगाला हात जोडले.

चैतात पाड्यावर बोहाडा झाला. कान डिंकानं आणि चिंध्यांनी जोडून सावळीरामनं त्यावर लाल रंग दिला होता, पण जोड दिसत होती. दत्तूनं कारखान्यातून रजा काढली आणि बापाच्या जागी पहिल्यांदा सोंग चढवलं. त्राटिकेची पाळी आली तेव्हा उजाडत होतं. संबळ घुमला, ती धुळीतून नाचत आली, लहान पोरं किंचाळत आयांच्या पाठीमागं लपली. समोरून रामाचं सोंग आलं. बाण लागला, त्राटिका पडली.

रामाचं सोंग भिमाजीच्या घरचं. भिमाजीनं धनुष्य खाली ठेवलं, आधी पडलेल्या त्राटिकेच्या पायांना हात लावला आणि मग हात पुढे केला. लंकाबाई ताट घेऊन आली. निरांजनाच्या उजेडात तिला तो जोडलेला कान दिसला आणि तो सगळा राग पुन्हा वर आला. मारल्यावर हात द्यायचा असतो, हे पाड्यावरच्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"त्राटिकाबाय, ऊठ," ती म्हणाली. "घरी चल."

दत्तू उठला. रोशनी पुढं पळत गेली, घराचं दार उघडायला.